तेराव्या दिवसापर्यंत: नॅरोबोटीवरचं पाणी, बादली आणि तुरटी

परवा क्रिक गावाजवळच्या नळावर बोटीची टाकी भरली, तब्बल तेरा दिवसांनी. आमच्यासाठी हा विक्रम आहे. गेल्या वर्षी याच टाकीत सहाव्या दिवशी पंप हवा ओढून घरघरायला लागायचा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी आणि नवरा इंग्लंडमध्ये ५० फुटी नॅरोबोटीवर (कालव्यांसाठी बांधलेली अरुंद, लांबट बोट) राहतो. सध्या मुक्काम ग्रँड युनियन कालव्याच्या लेस्टर शाखेवर आहे, वॉटफर्ड (लंडनजवळचं नव्हे, नॉर्थहॅम्प्टनशरमधलं) आणि फॉक्सटन इथल्या लॉकांच्या (बोटी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या पायऱ्यांच्या) मधल्या वीस मैलांच्या सपाट पट्ट्यात. कायमचा धक्का घेतलेला नाही, त्यामुळे एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस थांबता येतं. टाकी ३५० लिटरची. ३५० भागिले १४ म्हणजे दोघांत मिळून दिवसाला २५ लिटर, हे माझं लक्ष्य. नळ तीन मैलांवर असला तरी वेगाची मर्यादा ताशी चार मैल, उभ्या बोटींजवळून त्याहून हळू, आणि परत फिरायचं तर बोट वळेल एवढी रुंद जागा येईपर्यंत पुढेच जात राहायचं. पाणी भरण्यात अर्धा दिवस जातो.

मागच्या वर्षीचा हिशेब ६० लिटरचा होता: दोन शॉवर ३०, भांडी १२, स्वयंपाक-पिणं ६, संडास ४, बाकी हात-तोंड आणि फरशी ८. म्हणजे चोर कोण ते उघडच होतं.

म्हणून हिवाळाभर मी फिरत्या शॉवरच्या मागे लागले होते. कल्पना झकास वाटते: थोड्याशा पाण्याने साबण लावून धुवायचा, मग चार लिटर स्वच्छ पाणी घेऊन तेच खालून ओढायचं, गाळायचं, यूव्ही दिव्याखालून न्यायचं आणि पुन्हा डोक्यावर सोडायचं. प्रत्यक्षात साबण पूर्ण जातच नाही. उरलेल्याचा फेस होतो, पंप फेस ओढतो आणि धार तुटते. गढूळ पाण्यातून यूव्ही नीट आरपार जात नाही, त्यामुळे दिवा लावूनही जंतू मेलेच असं म्हणता येत नाही. पाणी प्रत्येक फेरीला गार होत जातं ते वेगळंच. आणि दोन दिवसांनी गाळणीचं काडतूस उघडलं तेव्हा आलेला वास मी इथे लिहीत नाही. आठ आठवडे आणि बरेचसे पौंड घालवल्यावर बादली आणि तांब्या काढला. माणशी सहा लिटर, केस धुवायच्या दिवशी नऊ. नवऱ्याने एका शब्दानेही टोमणा मारला नाही. तो मारला असता तर बरं झालं असतं.

गॅस गिझरपासून न्हाणीपर्यंत नऊ मीटर नळी आहे, १५ मिलिमीटरची. तिच्या पोटातच सव्वा लिटर गार पाणी बसतं आणि गरम यायच्या आधी ते सगळं वाहून जायचं. आता ते पातेल्यात धरते आणि भांड्यांना वापरते.

आंघोळीचं पाणी पूर्वी खालच्या डब्यात जमून पंपाने थेट कालव्यात जायचं. इथे सांडपाण्याला तशी मुभा आहे, संडासाच्या पाण्याला नाही. आता मधे एक तोटी बसवून ते दहा लिटरच्या कॅनमध्ये वळवलंय, तोंडाला जुना नायलॉनचा मोजा, केसांसाठी. तेच संडासात तांब्याने ओततो. नियम एकच: आजचं पाणी आज. साबण, मळ आणि ऊब मिळाली की जंतू त्यातला प्राणवायू संपवतात आणि एका दिवसात सडका वास सुटतो. क्लोरीन टाकून बघितलं, पण ते मळाशीच झुंजण्यात खर्च होतं. गावी आमच्या मोरीचं पाणी पाटाने सरळ अळवात जायचं, कुणी साठवून ठेवलं नाही, त्याचं कारण मला इथे येऊन कळलं. छपरावरच्या कुंड्यांना मात्र हे पाणी नाही, साबणातले क्षार कुंडीत साचतात. कोथिंबिरीला डाळ-तांदूळ धुतलेलं.

आता या वेळचं खरं काम. फरशी, कपडे, बोटीची बाहेरची धुलाई, हे सगळं कालव्याच्या पाण्यावर ढकलायचं होतं. कालव्याचा तळ चिकणमातीने लिंपलेला, वरून दिवसभर बोटींचे पंखे ती ढवळतात, त्यामुळे बादलीत चहाच येतो. ५ मायक्रॉनचं काडतूस चार दिवसांत चोंदायचं.

मग तुरटी आठवली. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानात तुरटी मागितली, काकांनी दोनदा विचारलं आणि मग ‘अच्छा, फटकडी!’ म्हणून खडा काढून दिला. आजी खडा माठात चार वेळा फिरवायची. ते मोजता येत नाही, म्हणून दहा ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात विरघळवली. याच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी. एकेक लिटरच्या पाच बाटल्यांत कालव्याचं पाणी घेऊन १, २, ३, ४, ५ मिलिलिटर टाकलं. मातीचे बारीक कण ऋणभारित असतात, एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन बसतात. तिसऱ्या बाटलीत तासाभरात पाणी निवळलं, चौथी-पाचवी त्याहून फारशी बरी नव्हती. म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम, दहा लिटरच्या बादलीला ३० मिलिलिटर. एक मिनिट जोरात ढवळायचं, मग दहा मिनिटं अगदी हळू. इथे घाई केली तर पुंजके तुटतात. रात्रभर ठेवून वरचं पाणी नळीने काढायचं. तेच काडतूस आता पाच आठवडे चाललंय.

यानंतर कार्बनची गाळणी आणि यूव्ही दिवा आहेत, तरी हे पाणी आम्ही पीत नाही आणि अंगावरही घेत नाही. डिझेल, शेतातली कीटकनाशकं, उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष. ते विष उकळूनही जात नाही. शिवाय उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो मुंबईच्या पावसाचीच मक्तेदारी नाही, इथेही आहे. त्यामुळे कॅन वेगळे, नळ्या वेगळ्या.

हे शहाणपण एप्रिलमध्ये विकत घेतलं. कालव्यात बुडवलेली नळी चुकून मीच पिण्याच्या टाकीला लावली. मग कार्बनचं काडतूस काढून ठेवलं, टाकी भरली, ५ टक्क्यांचं बिनवासाचं ब्लीच ३५० मिलिलिटर (लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन), सगळे नळ वास येईपर्यंत उघडले आणि एक तास थांबलो. ते पाणी तसंच सोडलं तर मासे मरतील, म्हणून आधी ५० ग्रॅम क जीवनसत्त्वाची पूड टाकून क्लोरीन मारलं, पट्टीने तपासलं. वर खळबळून धुवायला आणखी एक टाकी. पाणी वाचवायच्या छंदात एका दुपारी ७०० लिटर.

समुद्रातल्या बोटींवर राहणाऱ्या मंडळींचा नेहमीचा प्रश्न: आरओ (दाब देऊन बारीक पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र) का नाही? तुमच्याकडे लिटरला ३५ ग्रॅम मीठ आहे, ते काढायला ५५ बारच्या आसपास दाब देणं तुम्हाला भागच आहे. माझ्याकडे मीठ नाही, गाळ आहे, आणि गाळ पडद्याचा शत्रू. शिवाय गोडं पाणी नळावर फुकट मिळतं, प्रश्न फक्त तिथपर्यंत जाण्याचा.

आईची तक्रार वेगळीच आहे. रोज सकाळी हंडा घासून ताजं पाणी भरणाऱ्या बाईला तेरा दिवसांचं शिळं पाणी पटत नाही. त्यात तथ्य आहे: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन टाकीत हळूहळू उडून जातं. म्हणून पिण्याच्या तोटीला वेगळी गाळणी आहे, आणि यूव्हीचा दुसरा दिवा तिथेच बसवायचा विचार चाललाय.

आजचा आकडा २७: आंघोळ १२, भांडी ६, स्वयंपाक-पिणं ६, हात-तोंड ३. उरलेले दोन लिटर भांड्यांतूनच निघतील. कढई आधी कागदाने पुसायची, हे मी गेले तीन आठवडे सांगतेय. परवा सिंकमध्ये पिठल्याची कढई तशीच बुडवलेली सापडली.