दर बुधवारी रक्त: भावाच्या क्लोझापिनचा माझा अनुभव

त्या बुधवारच्या रिपोर्टवर एकही आकडा ठळक छापलेला नव्हता. पांढऱ्या पेशी 4200, त्यांतल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, 41 टक्के. "सगळं नॉर्मल आहे, ताई," म्हणत लॅबमधल्या मुलाने कागद हातात दिला. शेजारी छापलेल्या मर्यादेत दोन्ही आकडे बसत होते, त्यामुळे त्याचंही काही चुकलं नव्हतं. मी तिथेच बाकावर बसून मोबाइलवर गुणाकार केला. 4200 चे 41 टक्के म्हणजे 1722. आधीच्या बुधवारी हाच आकडा 3100 च्या वर होता. डॉक्टरांनी आमच्या वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं: 2000 च्या खाली गेलं तर फोन करा, 1500 च्या खाली गेलं तर गोळी बंद आणि लगेच या.

मी फोन केला.

वही धाकट्या भावाची, गोळी क्लोझापिनची. या गोळीने काहींच्या पांढऱ्या पेशी घसरतात, म्हणून हे मोजणं. तो मला अक्का म्हणतो. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, नुकताच आयटीआय झालेला. सोलापुरातल्या आमच्या बोळात तेव्हा दोन-तीन घरांत यंत्रमाग चालायचे आणि त्या खटखटीत त्याला माणसं बोलताना ऐकू यायची. पुढे माग बंद पडले, भंगारात गेले, पण बोलणं थांबलं नाही. कानात कापसाचे बोळे घालून तो दिवस दिवस माळ्यावर बसायचा. आत्या म्हणाली बाहेरचं आहे, आणि उतारे, अंगारे यात आमचं दीड वर्ष गेलं. ते दीड वर्ष मला अजून टोचतं. हा आजार जितका जास्त दिवस औषधाविना राहतो तितका नंतर अवघड जातो, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा रिस्पेरिडोन झालं, 6 मिलिग्रॅमपर्यंत. हात थरथरायचे, चेहरा लाकडासारखा व्हायचा. मग ओलान्झापिन 20 मिलिग्रॅम. झोप लागायला लागली, आठ महिन्यांत चौदा किलो वजन वाढलं आणि आवाज होते तेवढेच राहिले. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी किमान सहा आठवडे नीट घेऊनही फरक पडत नसेल तर क्लोझापिनचा विचार करतात. यातल्या 'नीट घेऊनही' या दोन शब्दांवर डॉक्टरांनी आमचा पाऊण तास घेतला. आई गोळी हातात देते, पण तो गिळतो का? मला छातीठोकपणे हो म्हणता येईना. म्हणून आणखी दोन महिने ओलान्झापिन माझ्या डोळ्यांदेखत, गोळीनंतर तोंड उघडायला लावून. त्यानंतरही आवाज होतेच, तेव्हा कुठे क्लोझापिनचं नाव चिठ्ठीवर आलं.

नव्या पिढीची म्हणून जी अँटिसायकोटिक, म्हणजे असे भास कमी करणारी, औषधं ओळखली जातात, त्यांत हे सगळ्यात जुनं. 1975 मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकदम नाहीशा झाल्या आणि आठ जण दगावले. बऱ्याच देशांत औषध जवळजवळ गुंडाळलं गेलं. मग 1988 मध्ये अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना कशानेच गुण येत नव्हता अशा रुग्णांत सहा आठवड्यांत क्लोझापिनने 30 टक्के लोक सुधारले, जुन्या औषधाने 4 टक्के. 1989 मध्ये तिथे परवानगी मिळाली, पण रक्त तपासत राहण्याच्या अटीवर. डॉक्टरांनी ही गोष्ट आईसमोर साध्या भाषेत सांगितली. आई म्हणाली, "म्हणजे विष पण हाय आन् अमृत पण." डॉक्टर म्हणाले, "म्हणून तर मोजायचं, मावशी."

मोजायचं ते असं: पहिले 18 आठवडे दर आठवड्याला, मग वर्ष होईपर्यंत पंधरा दिवसांनी, पुढे औषध चालू असेपर्यंत दर महिन्याला. ही ब्रिटनमधली पद्धत आमच्या डॉक्टरांनी धरली होती. अमेरिकेने 2025 मध्ये क्लोझापिनच्या रुग्णांच्या नोंदणीची सक्ती काढून टाकली ही बातमी मेहुण्यांनी मला पाठवली आणि विचारलं, आता कशाला दर महिन्याला सुई? सक्ती गेली ती कागदपत्रांची. पेशी मोजत राहा, हे तिथेही सांगितलेलंच आहे.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे वही आखणं माझ्या हातचं काम. तारीख, डोस, न्यूट्रोफिल, वजन, ताप, संडास झाली का, लाळ. शेवटचा रकाना आवाजांचा, तो भावाने भरायचा, शून्य ते दहा. सुरुवातीला इसीजी, साखर, चरबी, वजन, कंबर असं सगळं मोजून घेतलं आणि दिवाळीनंतरच्या सोमवारी 25 मिलिग्रॅमची अर्धी गोळी, म्हणजे साडेबारा. इतकी कमी कशाला, असं मला वाटलं होतं. पहिल्याच रात्री तो बाथरूमला जायला उठला आणि उंबऱ्यात मटकन बसला, तेव्हा कळलं. उभं राहिलं की रक्तदाब झपकन उतरतो. पुस्तकात दोन आठवड्यांत 300 पर्यंत नेण्याची चाल आहे. आमच्याकडे दर दोन-तीन दिवसांनी 25 वाढवत सहा आठवडे लागले 350 ला पोचायला. (हे आकडे आमच्या घरचे आहेत. दुसऱ्याचा डोस त्याचे डॉक्टर ठरवतील.)

तिसऱ्या आठवड्यात रात्री ताप आला, 101. या औषधाच्या सुरुवातीला ताप येतो आणि तो बहुतेक वेळा आपोआप जातो. पण तो पेशी घसरल्याचाही असू शकतो आणि हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचाही. ही सूज येते ती बहुधा पहिल्या महिन्यातच. हे मला माहीत होतं म्हणून मी त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे क्लोझापिन म्हटल्यावर "डोक्याच्या गोळ्यांचा आणि तापाचा काय संबंध" असं ऐकून घ्यावं लागलं आणि पॅरासिटामॉल मिळालं. बाहेर रिक्षात मी रडले, खरंच रडले. मग दुसऱ्या रुग्णालयात गेलो. तिथे मी वही उघडून दाखवली आणि सांगितलं, मला पेशी मोजायला सीबीसी, आणि हृदयासाठी इसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी हवीय. ड्यूटीवरच्या मुलीने वही वाचली, नाडी मोजली, एकही उलट प्रश्न न करता तपासण्या लिहिल्या. सगळं ठीक निघालं. ताप चौथ्या दिवशी उतरला. औषध घेणाऱ्यांच्या घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे: ताप किंवा घसा दुखणं आलं तर रक्त तपासल्याशिवाय घरी परत येऊ नका, समोरचा कितीही वैतागला तरी.

बद्धकोष्ठाबद्दल लोक बोलायला लाजतात, म्हणून मी मुद्दाम सविस्तर लिहिते. क्लोझापिन आतड्यांची हालचाल मंदावतं. पेशींची भीती सगळ्यांना असते, पण आतडं अडून जीव गेल्याची उदाहरणंही आहेत, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये याचा इशारा आणखी कडक केला. आमच्याकडे आई रोज रात्री इसबगोल देत होती. कडक भाकरी खाणारं पोरगं, पाणी कमी पिणारं. डॉक्टरांनी ऐकल्याबरोबर ते बंद करायला लावलं. मंद आतड्यात ते फुगून उलट अडकू शकतं. त्याऐवजी संडास मऊ करणारं लॅक्ट्युलोज दिलं आणि नियम घातला की दोन दिवस संडास नाही झाली तर कळवायचं. भावाला तो रकाना भरायची लाज वाटायची, म्हणून तिथे आम्ही फक्त टिंब द्यायचं ठरवलं.

लाळ रात्री इतकी यायची की सकाळी उशी ओली. मी कारखान्यातून सेकंडचे टॉवेल आणायचे, विणीत दोष असलेले, आणि उशीवर दुहेरी घालायचे. रोज एक धुवायचा. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात रोजचा एक टॉवेल म्हणजे काय, ते सोलापूरकरांना सांगायला नको.

1722 चा आकडा आला तो आठव्या आठवड्यात, गड्ड्याची जत्रा तोंडावर असताना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रक्त किती वाजता दिलं?" साडेसातला, मला कामावर जायचं असतं म्हणून. ते म्हणाले, न्यूट्रोफिल सकाळी कमी असतात, दुपारनंतर वाढतात. गोळी चालू ठेवा, शनिवारी दुपारी परत द्या, आणि पुढे काही दिवस आठवड्यातून दोनदा. शनिवारी मी अर्धी रजा टाकली. 5100 चे 58 टक्के, 2958. मी तो गुणाकार तीनदा केला. तेव्हापासून आमचं रक्त दुपारीच जातं.

आणि त्याच महिन्याच्या शेवटी, अकरावा आठवडा असेल, तो माळ्यावरून खाली आला, घागरीत डोकावला आणि म्हणाला, "अक्का, पाणी आज येतंय का उद्या?"

आईने कात्री खाली ठेवली. सहा वर्षांत त्याने घराबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणाले, उद्या पहाटे. तो पहाटे चारला उठला आणि पाणी भरलं. आवाजांच्या रकान्यात त्या दिवशी त्याने 6 लिहिलं होतं, आधी कायम 9 असायचं. सगळे आवाज गेले असं झालं नाही, आजही 2 किंवा 3 असतात. पण आता ते भिंतीपलीकडे बोलतात, असं तो म्हणतो.

कात्री म्हणाले, कारण आई विड्या वळते. तेंदूची पानं, कात्री, सुपात तंबाखू, आमचं लहानपण त्यावरच झालं. भाऊ दिवसाला पंचवीसेक विड्या ओढायचा. एप्रिलमध्ये त्याने त्या सोडल्या, एकदम, कोणाला न सांगता, आणि तंबाखू-चुना मळायला लागला. आई खूश. "धूर तरी गेला की गं," म्हणाली. मीही खूश झाले, ही माझी चूक.

दहा-बारा दिवसांनी तो अकरा-अकरापर्यंत उठेना. लाळ दुप्पट. चालताना झोकांड्या. एका सकाळी चहा पिताना हाताला झटका बसला आणि कप लांब उडाला. एवढ्या दिवसांत डोस एका गोळीनेही बदलला नव्हता. मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले, त्यांनी सगळे रकाने बघितले आणि विचारलं, "विडी सोडली का?"

विडीच्या धुरातली रसायनं यकृतातलं एक एन्झाइम वाढवतात, आणि तेच एन्झाइम क्लोझापिन मोडतं. ओढणाऱ्याच्या अंगात म्हणून औषध लवकर संपतं. धूर थांबला की आठवडाभरात एन्झाइम ओसरतं आणि तोच डोस जास्त ठरतो. काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे, त्यामुळे तंबाखू मळून ते भरून निघत नाही. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेतलं, ते पुण्याला गेलं. गुण येण्यासाठी रक्तात दर मिलिलिटरला साधारण 350 नॅनोग्रॅम औषध लागतं, आमचं 900 च्या वर निघालं. हाताचा तो झटका फिटच्या आधीचा इशारा असू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. रिपोर्टची वाट न बघता त्यांनी डोस आधीच कमी करायला घेतला होता, 350 चा 250 वर आला, आणि तो पुन्हा माणसात आला. हाच हिशेब उलटाही असतो: परत विडी सुरू केली तर औषध कमी पडतं. कडक कॉफी-चहाने प्रमाण थोडं वाढतं, मोठ्या तापातही वाढतं. त्या दिवशी वहीत नवा रकाना आला, विड्या.

मध्ये एकदा बार्शीला लग्नाला गेला आणि गोळ्या घरी राहिल्या. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की परत साडेबारापासून चढायचं, हे त्याला स्वतःला आठवलं. त्याने तिथल्या औषधाच्या दुकानात जाऊन मला फोन लावला, मी चिठ्ठीचा फोटो पाठवला, आणि छत्तीस तासांत गोळी पोटात गेली.

वजन सात किलो वाढलंय. साखर काठावर आहे, दर तीन महिन्यांनी बघतो. संध्याकाळी तो सिद्धेश्वर तलावाला दोन फेऱ्या मारतो, उन्हाळ्यात सात वाजल्यानंतर, कारण या औषधाने घाम कमी येतो आणि आमचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. एका रात्री त्याचे आवाज अचानक वाढले तेव्हा आम्ही टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन केला होता. मराठीत बोलणारं माणूस मिळालं, पैसे लागले नाहीत. तो नंबर वहीच्या कव्हरवर आहे.

विडी तो मध्ये परत ओढायला लागला, सात-आठवर स्थिरावला, त्याप्रमाणे डोस 275 झाला. आता रक्त द्यायला तो एकटा जातो, महिन्यातून एकदा, बुधवारी दुपारी. गुणाकार तोच करतो. परवा मी कारखान्यातून आले तर वही ओट्यावर उघडी होती. विड्यांच्या रकान्यात सलग तीन दिवस शून्य होतं आणि त्याखाली त्याच्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं: डॉक्टरांना सांगितलं, शुक्रवारी बोलावलंय.