बिरड्याचा सण

27 जुलै 2023, गुरुवार रात्र, अश्दोद, इस्राएल

उपास सुटला. ओटा आवरून लिहायला बसले आहे.

आज तिशा बाव. आजीच्या तोंडी मात्र हा बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा दिवस, तरी ती सणच म्हणायची. कोकणात आमचे बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू लोक या दिवसांत वालाचं बिरडं केळीच्या पानावर खायचे. इथे पान कुठलं मिळायला! वाल मात्र भारतीय दुकानात मिळतात. मंगळवारीच भिजत घातले होते.

दुपार टळल्यावर भाचा आला. आजच्या दिवशी एकमेकांना शालोमही, म्हणजे साधा नमस्कारही, म्हणायचं नसतं, तेव्हा काही न बोलता समोर बसला. मी परात पुढे सरकवली आणि दोघं डाळिंब्या सोलायला लागलो.

परवा त्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्र टाकलं. सरकारविरोधी मोर्चातली माणसं आणि त्यांच्यावर लाल अक्षरांत ‘बोग्दिम’, देशद्रोही. त्या मोर्चाला माझी लेक दर शनिवारी जाते. तिने त्याला उलट ‘फॅसिस्ट’ म्हटलं. सोमवारी क्नेसेटमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, न्यायालयाचा अधिकार कमी करणारा कायदा 64 विरुद्ध 0 मतांनी झाला, विरोधक सभागृह सोडून गेले, तेव्हापासून घराघरात हेच चाललंय. वहिनींचा फोन आला, “पोराला आधी ग्रुपमधून काढा.”

काढणारच होते. पण काल रात्री सिनेगॉगमध्ये जमिनीवर बसून एखा, म्हणजे जेरुसलेमच्या नाशाची विलापगीतं, ऐकताना बार काम्त्साची गोष्ट आठवली. एका यजमानाने काम्त्साला मेजवानीचं बोलावणं धाडलं, नोकर चुकून यजमानाच्या वैऱ्याला, बार काम्त्साला घेऊन आला. तो बिचारा म्हणाला, आता आलोच आहे तर राहू दे, माझ्या जेवणाचे पैसे देतो. मग म्हणाला अर्ध्या मेजवानीचे, मग सगळ्या मेजवानीचे. यजमानाने दंड धरून बाहेर काढलं. त्या अपमानापासून जेरुसलेमचा नाश सुरू झाला असं तल्मूद, आमचा जुना धर्मग्रंथ, सांगतं. माझ्या मनात घर करून आहेत ते पंगतीत बसलेले विद्वान. सगळं पाहत होते आणि गप्प होते. बार काम्त्साला राग आला तो त्याचाच.

मीही अशीच गप्प बसले होते. 1995 साली पंतप्रधान राबिनना लोक उघड देशद्रोही म्हणत होते. जेरुसलेमच्या सभेत त्यांचं नाझी गणवेशातलं चित्र फिरलं. आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये कोणी ते शब्द बोलायचं आणि मी डबा उघडून खाली मान घालायची. वाटायचं, आपल्याला काय करायचंय? 4 नोव्हेंबरला तेल अवीवच्या शांतता सभेनंतर त्यांना गोळ्या घालणारा 25 वर्षांचा ज्यू विद्यार्थी होता. त्याने आधार घेतला तो ‘रोदेफ’च्या नियमाचा. कोणी जीव घ्यायला मागे लागला असेल तर त्याला अडवण्यासाठी मारता येतं, असा तो नियम. जीव वाचवण्यासाठी असलेला शब्द त्याने माणूस मारायला वापरला.

हे मी भाच्याला सांगितलं. तेव्हा तो जन्मलाही नव्हता. म्हणाला, “मावशी, मी कुठे कोणाला मारतोय?”

“नाही रे बाळा. पण तो शब्द पुढे कोणाच्या हातात जाईल, ते तुझ्या हातात नाही.”

मग माझ्या काकांची गोष्ट सांगितली. इथल्या धर्मपीठाने आमच्या लोकांच्या लग्नाआधी पिढ्या तपासायला सांगितल्या, तेव्हा ते जेरुसलेमला धरणं धरून बसले होते. 1964 साली क्नेसेटने ठराव केला, तेव्हा कुठे आम्ही ‘पूर्ण ज्यू’ ठरलो. तू आमच्यातला नाहीस, हे ऐकून घेतलेल्या घरातला मुलगा आहेस तू.

तो बराच वेळ नुसता सोलत राहिला. डाळिंबी सुळकन निसटून वाटीत पडायची, साल बोटाला चिकटून राहायची.

मग त्याला हिल्लेल आणि शम्माय या दोन जुन्या धर्मगुरूंचं सांगितलं. हिल्लेलच्या शिष्यांचं मत का मानलं जातं? ते नम्र होते, आणि आपलं सांगायच्या आधी शम्मायच्या शिष्यांचं मत सांगायचे. म्हटलं, आपणही करून बघू. ताई काय म्हणते ते सांग.

“तिला देश बुडवायचाय.”

“हे ती म्हणत नाही.”

चार-पाच मुठी सोलून झाल्या. मग म्हणाला, “तिला भीती वाटते, कोर्टाचे हात बांधले तर सरकारला जाब विचारणारं कोणी राहणार नाही.”

“आणि तू म्हणतोस, दिमोनासारख्या लांबच्या वाळवंटी गावात वाढलेल्या माणसाने मत द्यायचं आणि शेवटचा शब्द मात्र जेरुसलेमच्या पंधरा न्यायाधीशांचा. मग आमच्या मताला किंमत काय?”

त्याने मान वर केली. “हो मावशी, तेच. हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.”

तारे दिसल्यावर जेवलो. नारळाच्या दुधातलं बिरडं त्याने दोनदा वाढून घेतलं. चित्र मात्र काढलं नाही, “विचार करतो,” म्हणाला. तो गेल्यावर लेकीला फोन केला, ‘फॅसिस्ट’ शब्द मागे घे म्हटलं. तिने फोन ठेवून दिला.

उद्या संध्याकाळी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आधी पुन्हा करते.