जज्जला मत द्यायला गेले तेव्हा

नागरिकत्वाची शपथ झाली तोवर राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आटोपली होती. त्यामुळे आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत मी दिलं ते एका न्यायाधीशाला. विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात सात न्यायाधीश असतात आणि प्रत्येकाला सगळं राज्य मतदान करून दहा वर्षांसाठी निवडतं. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. कोणता पक्ष कुणाच्या मागे आहे ते मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक.

बाबा साताऱ्याकडे तालुका कोर्टात बेलीफ होते. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "जज्ज मतं मागतो? अगं, आमचे साहेब गावातल्या लग्नाचं आवतणसुद्धा घ्यायचे नाहीत." आपल्याकडे एमपीएससीची परीक्षा, मुलाखत, मग नेमणूक. इथे टीव्हीवर दोन्ही बाजू एकमेकांना गुन्हेगार सोडणारे म्हणत होत्या. खर्च नऊ कोटी डॉलरच्या वर गेला.

१ एप्रिल २०२५ ला केंद्रावर गेले. इथे त्याच दिवशी नाव नोंदवता येतं, म्हणून मी निवांत होते. लायसन्सवर जुना पत्ता. फोटो ओळखपत्र म्हणून लायसन्स चालतं, पण नोंदणीसाठी सध्याच्या पत्त्याचा कागद हवा. विजेचं बिल दिलं, तर त्यावर नाव नवऱ्याचं! मागे रांग वाढलेली, माझे कान गरम. टेबलापलीकडच्या आजीबाई शांतपणे म्हणाल्या, "बँकेचं स्टेटमेंट फोनवर आहे का?" होतं. या घरात येऊन अठ्ठावीस दिवस झालेत ना, तेवढं विचारून त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

मग नाव आणि पत्ता मोठ्याने सांगायचा, सही करायची, काळ्या पेनाने नावाजवळचा लंबगोल भरायचा. सुप्रीम कोर्टासाठी सुझन क्रॉफर्ड आणि ब्रॅड शिमेल. खाली काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, जज्जसाठी एकच नाव. तिथे पेन थबकलं. निवड कसली, ही तर हजेरी. शेवटी तो गोल कोराच ठेवला.

मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर गव्हर्नर थेट माणूस नेमतात. सुप्रीम कोर्टाची निवडणूक वर्षाला एकाच जागेची घ्यायची असा नियम असल्याने त्या माणसाला लोकांसमोर यायला वर्षं लागू शकतात. डॅनियल केली २०१६ मध्ये नेमले गेले, लोकांपुढे आले थेट २०२० मध्ये, आणि हरले. ही गोष्ट मला जाहिरातींपेक्षा जास्त खटकते.

रात्री क्रॉफर्ड जिंकल्या. तिकडे सकाळ होती, म्हणून लगेच बाबांना कळवलं.

"खुर्चीवर कधी बसणार?"

"१ ऑगस्टला. तोवर जुन्या बाई आहेतच."

"म्हणजे खुर्ची एक दिवससुद्धा रिकामी नाही?" बाबा जरा वेळ गप्प झाले. "आमच्याकडे साहेबांची बदली झाली की सहा-सहा महिने दुसरे यायचे नाहीत. मी आपला दारात उभा राहून पुकारा करायचा, आणि लोकांना पुढची तारीख सांगून घरी पाठवायचं."