मेणवलीच्या घाटावर शाई आणि जलरंग

महाबळेश्वरला निघालेली मंडळी वाईत तासभर थांबतात, ढोल्या गणपतीला हात जोडतात आणि पसरणी घाट चढायला लागतात. या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुक्कामच वाईत ठेवला, कारण मला मेणवलीचा नदीवरचा घाट तिथे बसून कागदावर काढायचा होता.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर. नाना फडणवीसांचा वाडा, वाड्यात भिंतींवर जुनी चित्रं आणि मागे कृष्णेवर चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट. वाडा घरच्यांनी पाहिला. मी थेट पायऱ्या गाठल्या. कपडे धुणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "ताई, तितं ऊन यील आता. हिकडं सावलीत बसा." त्यांनी दाखवलेली जागा माझ्या जागेपेक्षा कितीतरी चांगली निघाली, घाटाचं अख्खं वळण तिथून दिसत होतं.

पेन्सिलीने मी दोनच गोष्टी ठरवून घेते: वळण कुठून कुठे जातं आणि पाण्याची कड कुठे येते. बाकी सगळं थेट पेनने. शाई मात्र वॉटरप्रूफच हवी, नाहीतर वर रंगाचा पहिला वॉश, म्हणजे पाणीदार पातळ थर, पडला की रेषा पसरते. घाट काढताना प्रत्येक पायरी काढायचा मोह होतो, तो आवरायचा. जवळच्या चार-दोन पायऱ्यांचे सांधे नीट काढले आणि लांबच्या रेषा उजेडात मध्येच सोडून दिल्या, की उरलेल्या पायऱ्या डोळा आपणच भरून घेतो.

खरी मजा दगडाच्या रंगात आहे. काळा पाषाण म्हणतो आपण त्याला, पण मेणवलीत तासभर बसून बघा. सावलीत तो निळसर असतो, उन्हात तपकिरी आणि पाण्यालगत शेवाळामुळे हिरवट. ट्यूबमधला काळा लावला तर हे सगळं मरतं. मी तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि गडद निळा अल्ट्रामरीन ब्लू घेते, आणि पॅलेटमध्ये ते पूर्ण एकजीव होऊ देत नाही. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर दगडाचा खडबडीतपणा आपोआप उमटतो. जलरंगाचं हे देणं मला फार प्रिय आहे. नदीतलं प्रतिबिंब मात्र दगडापेक्षा थोडं फिकं ठेवायचं आणि ऊन चमकतं तिथे कागद कोराच सोडायचा.

घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं आहेत, आणि जवळच एका छोट्या दगडी बांधकामात मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पोचल्या, त्यांतलीच ही. ओतल्याचं साल १७०७. तिच्यावर उठावात मेरी आणि बाळ येशू आहेत. घंटेसाठी मी वेगळं पान घेतलं. खालून बघताना तिच्या काठाची लंबवर्तुळं जमली की घंटेला वजन येतं, ती नुसती रेषांची राहत नाही. इथे रंग अगदी थोडा लावला. वसईची लढाई आपण शाळेत पाठ केलेली असते, पण घंटेसमोर बसून मेरीची आकृती रेषेत उतरवताना ती पहिल्यांदाच हाताला लागल्यासारखी वाटली.

पावसाळ्यात नदी चढलेली असते, तेव्हा पायऱ्या काढायच्या असतील तर दिवाळीनंतरच या. सकाळी लवकर बसा, दुपारच्या उन्हात सावल्या जातात आणि घाट सपाट दिसायला लागतो.

परतताना वाईत ढोल्या गणपतीकडे वेळ काढा, पण स्केचबुक घेऊन देवळाच्या मागे जा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२मध्ये हे देऊळ बांधलं, ते अगदी कृष्णेच्या काठावर. पुराचं पाणी दुभंगून बाजूने निघून जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली आहे. ती मी फक्त शाईत काढली, रंगपेटी उघडायची गरजच वाटली नाही.