आभासी दीर्घिकांची तुलना नेमकी कशाशी करायची?

सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी विश्वातील तारानिर्मिती ऐन भरात होती. त्या काळातील दीर्घिकांमध्ये वर्षाला किती वस्तुमानाचे तारे जन्मत होते, याचे इगल किंवा इलस्ट्रिस यांसारख्या सिम्युलेशनमधून, म्हणजे संगणकावर घडवलेल्या आभासी विश्वांतून, मिळणारे उत्तर निरीक्षणांतून काढलेल्या दराच्या जेमतेम निम्मे भरत असे. दोष सिम्युलेशनचाच, हा निष्कर्ष तेव्हा सहज काढला गेला. मला तो घाईचा वाटतो.

सिम्युलेशनमध्ये हा दर थेट हाती येतो. वायूची घनता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की त्याचे ताऱ्यांत रूपांतर होऊ लागते आणि त्याची नोंद संगणकाकडे असते. (इलस्ट्रिसची पुढची आवृत्ती असलेल्या टीएनजी100 मध्ये वायूचा एकेक घटकच सुमारे 14 लाख सूर्यांच्या वस्तुमानाएवढा असल्याने सुटा तारा तिथे नसतोच.) दुर्बिणीला मात्र केवळ प्रकाश मिळतो. हायड्रोजनच्या एच-अल्फा या वर्णपटातील रेषेवरून साधारण गेल्या एक कोटी वर्षांतील तारानिर्मिती कळते, तर अतिनील प्रकाशावरून दहा कोटी वर्षांतील. शिवाय या अतिनील प्रकाशाचा मोठा वाटा धूळ शोषून घेते आणि अवरक्तात बाहेर टाकते. तो सगळा अवरक्त प्रकाश नव्या ताऱ्यांचाच मानला, तर जुन्या ताऱ्यांनी तापवलेली धूळही नव्यांच्याच नावावर जमा होते आणि दर फुगतो. 2019 मध्ये हबल दुर्बिणीच्या थ्रीडी-एचएसटी सर्वेक्षणातील दीर्घिकांचा अतिनीलपासून अवरक्तापर्यंतचा प्रकाश एकत्रितपणे तपासला गेला, तेव्हा दर खाली आले आणि तफावत बरीच मिटली.

तरीही आकडे जुळले म्हणून मी समाधानी होत नाही. टीएनजीचे प्रारूप ठरवतानाच विश्वातील तारानिर्मितीचा इतिहास समोर ठेवलेला होता. त्यामुळे त्या इतिहासाशी जुळणे ही स्वतंत्र कसोटी ठरत नाही. कसोटी हवी ती कच्च्या मालाची, म्हणजे वायूची. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीने 2020 मध्ये नेमके तेच दिले. एकेकट्या दीर्घिकेचा संकेत अतिशय क्षीण असल्याने 7,653 दीर्घिकांचे संकेत एकत्र करून, सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील अणुरूप हायड्रोजनचे सरासरी वस्तुमान पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र (एनसीआरए) आणि बंगळुरूची रामन संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञांनी मोजले. तो साठा तेव्हाच्या दराने एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. म्हणजे पुढे तारानिर्मिती ओसरली ती बाहेरून पुरेसा वायू न आल्याने, असे दिसते. सिम्युलेशनने हा वायूही तेवढाच दाखवायला हवा, आणि तो तपासताना दुर्बिणीने पाहिल्या तशाच, तेजस्वी व तारे घडवणाऱ्या दीर्घिका निवडायला हव्यात.