तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटच देताय, मग एवढी चौकशी कशाला?

आमच्या जनावरांच्या शेल्टरच्या रविवारच्या दत्तक शिबिरात पिल्लू कडेवर घेऊन कुणीतरी हमखास विचारतं, "फुकटच देताय ना? मग एवढी चौकशी कशाला? मुलगी देताय का?" मागच्या खेपेला मुलुंडहून आलेल्या एका काकांनी जरा रागानेच विचारलं. त्यांच्या मागे रांग होती, नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देते.

काका, मुलगी देताना निदान ती फोन करून सांगू तरी शकते. पिल्लाला ते जमत नाही. त्याच्या वाटणीचं सगळं आधी आम्हालाच विचारून घ्यावं लागतं.

तांबूचं सांगते. स्टेशनबाहेर खोक्यात चार पिल्लं सापडली, महिना-दीड महिन्याची. दोन दिवसांत चौघांना पार्व्हो झाला, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. पार्व्होच्या रक्ताळ जुलाबाचा वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. सलाईन, उलटी थांबवायची इंजेक्शनं, रात्रभर गरम पाण्याच्या बाटल्या, आणि दर वेळी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने फरशी, कारण हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. तिघं गेली. तांबू उरला. चार महिन्यांचा झाला, सगळे डोस पूर्ण झाले, आणि पूर्व उपनगरातल्या एका चांगल्या कुटुंबात गेला. मोठा फ्लॅट, दोन मुलं, सगळे हौशी. आम्ही फोटो काढले आणि खूश झालो.

भाद्रपद लागायच्या चार दिवस आधी टॅक्सी येऊन फाटकापाशी थांबली. "गणपतीला गावी चाललोय. तिथे आजोबांना कुत्रा चालत नाही. सोसायटीत ठेवून घेणारं कुणी नाही. परत आल्यावर बघू." परत आल्यावर फोन आला नाही. आम्ही केला, तर म्हणाले की आता मुलांची शाळा, धावपळ, तुम्हीच दुसरं घर बघा.

तांबू अकरा दिवस फाटकाकडे तोंड करून बसला. रिक्षा थांबली की उठायचा, कान टवकारायचा, उतरणारा माणूस बघून परत बसायचा. भात-चिकनच्या ताटलीला तोंड लावायचा नाही. आमच्याकडे स्वयंपाक करणारी मावशी त्याच्याजवळ फरशीवर बसून एकेक घास भरवायची, तेव्हा कुठे चार घास जायचे.

त्या कुटुंबाला मी वाईट म्हणणार नाही. लसीचं कार्ड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं. पण गणपतीत याला कुठे ठेवणार, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं काम आमचं होतं. त्या वर्षीपासून आमच्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न तोच आहे, आणि मुंबईत तो पहिलाच असायला हवा. निम्मं शहर भाद्रपदात आणि मे महिन्यात कोकणच्या गाडीत असतं.

बाकीचे प्रश्नही असेच कुणा ना कुणा जनावराने शिकवलेले आहेत. घर भाड्याचं असेल तर घरमालकाचं लेखी 'हो' मागतो. सोसायटीचा मात्र बाऊ करू नका. प्राणी पाळायला सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. त्यांची प्रत आम्ही फाइलमध्येच ठेवतो, अनेकांना लागते.

मांजर नेणार असाल तर आम्ही घरी येऊन खिडक्या बघतो. आपल्याकडच्या ग्रिलमधून बोका आरामात बाहेर येतो, आणि कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं. सातव्या मजल्यावरच्या छज्जावर चालणारं मांजर बघायला गंमत वाटते, कबुतर समोर येईपर्यंत. पक्की तारेची जाळी लावा, मग मांजर न्या. शिवाय फरशीला घरात काय वापरता तेही विचारतो, कारण फिनेल मांजराच्या यकृताला झेपत नाही. पंजे चाटताना ते पोटात जातं. हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि नसणं साहजिक आहे. म्हणूनच विचारायचं.

आणि कुणी "पूर्ण काळंच मांजर हवं, अमावस्येच्या आत हवं" म्हणालं, तर त्याला आम्ही कुठलंच मांजर देत नाही. तिथे चर्चा नाही.

बरेच जण म्हणतात, एवढे नियम लावाल तर जनावरं तुमच्याकडेच राहतील. राहतात, खरंच आहे. पण घाईने दिलेलं जनावर परत आलं की पिंजरा तर अडतोच, शिवाय ते पहिल्यापेक्षा घाबरलेलं असतं. अंगावर येतं किंवा कोपऱ्यात तोंड खुपसून बसतं, आणि दुसरं घर मिळणं आणखी कठीण होतं. त्याच दिवशी पावसात जखमेत अळ्या पडलेलं एखादं कुत्रं घेऊन कुणी दारात आलं, तर त्याला जागा नाही म्हणावं लागतं. हे 'नाही' म्हणणं मला आजही जमत नाही. रस्त्यावरचं धडधाकट कुत्रं आम्ही शेल्टरमध्ये ठेवूनच घेत नाही. नसबंदी, रेबीजची लस, कानाला खाच, आणि परत त्याच्या गल्लीत, हा २००१ पासूनच्या नियमांचा गाभा आहे. म्हणजे आमचे पिंजरे फक्त आजारी, लुळ्या, टाकून दिलेल्या जनावरांसाठी. ते थोडेच आहेत.

दयेची या शहरात वानवा कधीच नव्हती. १८३२ साली कुत्री मारायच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी मंडळी फोर्टात रस्त्यावर उतरली होती. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकातलं, आजही तिथे जखमी बैलापासून घारीपर्यंत सगळे येतात. आजही बिस्किटाचा पुडा घेऊन उभा राहणारा माणूस प्रत्येक नाक्यावर दिसतो. कमी पडतं ते रोजचं घर, पुढची बारा-पंधरा वर्षं टिकणारं.

घर लहान असलं तरी आमची हरकत नसते, हे मात्र मुद्दाम सांगते. दहा बाय बाराच्या खोलीतून आलेले लोक आधीच ओशाळलेले असतात. ओशाळू नका. आपल्या गावठी कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ भटकंती आणि घरात माणूस हवा असतो. बेडरूम किती आहेत, ते तो मोजत नाही.

तांबूला घर मिळायला पुढे सात महिने लागले. गिरगावातल्या चाळीत राहणारे काका-काकू आले, एक खोली आणि पडवी. मी गृहभेटीला गेले आणि पहिलाच प्रश्न विचारला, गणपतीत याला कुठे ठेवणार?

काकू म्हणाल्या, "आमचा गणपती इथेच असतो गं, गावाला नाही. दीड दिवस नुसती गर्दी असते." मग खाली वाकून त्यांनी खाटेखालची ट्रंक बाहेर ओढली, तिथली जागा हाताने पुसली आणि म्हणाल्या, "पाहुणे आले की इथे बसेल. ढोलाचा आवाजसुद्धा इथे कमी येतो. पुरेल ना त्याला?"