मोर्चांनी युद्ध थांबतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. व्हिएतनाम युद्धाविषयी मी कुठेही बोलले की शेवटी कुणीतरी विचारतंच : "इतके मोर्चे निघाले, इतकी पोरं तुरुंगात गेली, पण अमेरिका १९७३ पर्यंत लढत राहिलीच ना? मग मिळवलं काय?" प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याच्या आवाजात बऱ्याचदा निराशा असते, म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटत नाही.

मोर्चा निघाला आणि युद्ध थांबलं, असं अमेरिकेत झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. झालं ते असं, की सरकारला जे जे करायचं होतं, त्यातलं बरंच करणं जड होत गेलं. हे फळ डोळ्यांना दिसत नाही. न पडलेले बॉम्ब मोजणार कसे?

सुरुवात किती एकाकी होती बघा. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखाताचा ठराव आला आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना युद्धासाठी मोकळीक मिळाली. अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, त्याच्या विरोधात फक्त २ मतं पडली, खालच्या प्रतिनिधीगृहात एकही नाही. पुढच्या मार्चमध्ये मिशिगन विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी निषेध म्हणून एक दिवस तास बंद ठेवायचं ठरवलं, तर राज्यातले पुढारी भडकले. मग प्राध्यापकांनी तोड काढली : दिवसा नेहमीचे तास घ्यायचे आणि रात्रभर जागून व्हिएतनामवर शिकवायचं. सुमारे ३ हजार लोक आले. ही 'टीच-इन'ची रीत बघता बघता इतर विद्यापीठांत पसरली. मला ही सुरुवात फार मोलाची वाटते. घोषणा देण्याआधी ही माणसं अभ्यासाला बसली होती.

किंमतही मोजावी लागली. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात शाळकरी मुलांनी युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधली म्हणून त्यांना घरी पाठवलं गेलं. तो त्यांचा हक्कच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मान्य केलं. मुहम्मद अली यांनी एप्रिल १९६७ मध्ये लष्करात भरती व्हायला नकार दिला आणि मुष्टियुद्धातलं जगज्जेतेपद गमावलं. त्याच महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग युद्धाविरुद्ध बोलले, तेव्हा एरवी त्यांची बाजू घेणारी मोठमोठी वृत्तपत्रंही त्यांच्यावर उलटली.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. १९६९ च्या उन्हाळ्यात जॉन्सन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी हनोईला, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारला, गुपचूप बजावलं होतं, की १ नोव्हेंबरपर्यंत वाटाघाटी पुढे सरकल्या नाहीत तर कठोर पावलं उचलू. जबर बॉम्बफेक आणि बंदरांत सुरुंग पेरणं, असा आराखडाही तयार होत होता. मध्येच १५ ऑक्टोबरला देशभर 'मोरेटोरियम' पाळला गेला. लाखो लोकांनी, अगदी लहान गावांतूनही, त्या दिवशी कामं बाजूला ठेवून युद्धाचा निषेध केला. निक्सन यांनी ती योजना बाजूला ठेवली. त्यांचे संरक्षणमंत्री लेअर्ड यांचाही तिला विरोध होता, तेव्हा सगळं श्रेय मोर्चांना देणार नाही. पण आपल्या इशाऱ्यातली जरब बहुधा या विरोधामुळेच संपली, असं निक्सन यांनी स्वतःच पुढे आठवणींत लिहून ठेवलंय. रस्त्यावर उतरलेल्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपण कुणाला कशापासून अडवतोय, हे न कळताच ते घरी गेले. हेही खरं, की मे १९७२ मध्ये निक्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या हायफाँग बंदरात सुरुंग पेरलेच.

१९६९ च्याच नोव्हेंबरातला एक मोर्चा मी कधी विसरणार नाही, वाचूनच माहीत असला तरी. १३ तारखेच्या संध्याकाळी वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीपासून माणसं एकामागून एक निघाली. प्रत्येकाच्या गळ्यात एक पाटी. तिच्यावर मेलेल्या एका सैनिकाचं, नाहीतर उद्ध्वस्त झालेल्या एका व्हिएतनामी खेड्याचं नाव. व्हाइट हाउससमोर आलं की ते नाव मोठ्याने उच्चारायचं, मग कॅपिटॉलपाशी, म्हणजे संसदभवनापाशी, ठेवलेल्या शवपेटीत पाटी ठेवायची. दोन रात्री ही रांग कडाक्याच्या थंडीत चालत होती. ४० हजारांहून जास्त माणसं. शत्रू म्हटलेल्या देशातल्या खेड्याचं नाव आपल्या सैनिकाच्या नावाच्या बरोबरीने घेणं, याहून मोठा निषेध मला सुचत नाही.

"हे सैनिकांशी गद्दारी करणं नव्हतं का?" हाही प्रश्न येतो. त्याचं उत्तर सैनिकांनीच दिलं. २३ एप्रिल १९७१ ला लढून परतलेले शेकडो जवान कॅपिटॉलसमोर जमले. कुणी कुबड्यांवर, कुणी चाकाच्या खुर्चीत. एकेक जण ध्वनिक्षेपकापाशी यायचा आणि जिवावर उदार होऊन मिळवलेली पदकं कुंपणापलीकडे भिरकावून द्यायचा. काहींनी मेलेल्या मित्रांची नावं घेतली.

लोकमत मात्र सरळ रेषेत बदललं नाही. ४ मे १९७० ला केंट स्टेट विद्यापीठातल्या निदर्शनांवर नॅशनल गार्ड या राखीव सैनिकी दलाने केलेल्या गोळीबारात ४ विद्यार्थी मेले, आणि त्यानंतरच्या चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष दिला तो विद्यार्थ्यांना! तरीही त्याच वर्षी अमेरिकेने कंबोडियावर केलेल्या चढाईमुळे उसळलेल्या संतापातून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा केला, की कंबोडिया आणि लाओसमध्ये अमेरिकी पायदळ पाठवायचं नाही. म्हणून फेब्रुवारी १९७१ मध्ये दक्षिण व्हिएतनामचं सैन्य लाओसमध्ये घुसलं, तेव्हा अमेरिकी विमानं सोबत होती, पण अमेरिकी पायदळाला सीमेवरच थांबावं लागलं. जानेवारी १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून काँग्रेसने इंडोचायनातल्या, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातल्या, लढाईचा पैसाच तोडला. मला विचाराल, तर मोर्चांची खरी पोच इथे आहे.

मग कुणीतरी इराकचा दाखला देतं. १५ फेब्रुवारी २००३ ला लंडन, रोम आणि शेकडो शहरांत विराट मोर्चे निघाले, आणि २० मार्चला युद्ध सुरू झालंच. तिथे मोर्चे हरले, यात वाद नाही. पण त्या वेळी अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये सक्तीची भरती नव्हती. व्हिएतनामच्या वेळी भरतीचं पत्र कुठल्याही गल्लीत येऊ शकत होतं, त्यामुळे आईबापांना वर्षानुवर्षं गप्प बसणं शक्य नव्हतं. इराकमध्ये लढायला गेले ते स्वेच्छेने भरती झालेले, मोजक्या घरांतले. युद्ध सुरू झाल्यावर रस्त्यावरची गर्दी ओसरत गेली, आणि खर्चाला मंजुरी मिळत राहिली.